हाडाच्या स्टेपलचं ड्रिल गाईड: एफईआरला उत्तर द्यायचं की अर्ज सोडून द्यायचा?

मितीकार (धागाकर्ता)

मंडळी, एका पेटंट अर्जाबद्दल सल्ला हवा आहे. इथे टूलरूममधली, हॉस्पिटलमधली आणि पेटंटचं काम करणारी माणसं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी भोसरीत शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये डिझाइन बघतो. मिरजेच्या एका ऑर्थोपेडिक सर्जनबरोबर आम्ही हाडाच्या स्टेपलसाठी ड्रिल गाईड केलं आणि अर्ज भरला. आता एफईआर, म्हणजे परीक्षकाचा पहिला अहवाल, आला आहे.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी. हाडाचा स्टेपल म्हणजे दोन पाय आणि वर त्यांना जोडणारा आडवा पूल. कापलेलं हाड किंवा कायमचा जोडून टाकायचा सांधा, त्याच्या एका बाजूला एक पाय आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. हल्ली हे स्टेपल बहुतेक नायटिनॉलचे, म्हणजे निकेल-टायटॅनियमचे असतात. त्यांचे पाय मुळात आत झुकलेले असतात. इन्सर्टर ते सरळ धरून ठेवतो, पाय भोकात गेले की इन्सर्टर सोडायचा, पाय आत ओढले जातात आणि हाडाचे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. यासाठी दोन भोकं अगदी ठरलेल्या अंतरावर आणि एकमेकांना समांतर हवीत. ते काम ड्रिल गाईडचं: एक दांडा, त्याला दोन बॅरल, म्हणजे नळ्या. पहिलं भोक पाडायचं, त्यात पिन टाकायची म्हणजे गाईड फिरत नाही, मग दुसरं भोक.

अडचण इथून पुढे सुरू होते. भोकं झाली की गाईड वर उचलावं लागतं आणि त्याच्याबरोबर पिनही निघून येते. मऊ भाग परत भोकावर सरकतो, रक्त येतं आणि नुकतीच पाडलेली भोकं शोधत बसावं लागतं.

आमचा उपाय असा. दोन्ही बॅरलना लांबीभर एक चीर दिली. पिन पायरीची केली: खालचा पाय २.९ मिमी, वरची मान २.० मिमी, सगळ्यात वर कॉलर. बॅरलचं बोअर, म्हणजे आतली पोकळी, ३.१ आणि चीर २.२. पिनचा जाड पाय बोअरमधून खाली हाडात उतरतो, कॉलर बॅरलच्या तोंडावर टेकते आणि बॅरलमध्ये फक्त बारीक मान उरते. मग गाईड आडवं सरकवलं की मान चिरेतून बाहेर पडते. पिना हाडात उभ्या राहतात.

परीक्षकांनी आधीचे तीन दस्तऐवज पुढे केलेत, डी१, डी२ आणि डी३. ते म्हणतात: डी१ मध्ये दोन बॅरलचं गाईड आणि पिन आहे. डी२ मध्ये तारेसाठी चीर दिलेली स्लीव्ह आहे, ती बाजूने निघते. डी३ मध्ये टोकाला दाते आहेत. तिन्ही एकत्र केले की आमचे क्लेम (ज्यावर हक्क मागतो ती वाक्यं) १ ते ८ होतात, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं असं काही, नाही. शिवाय कलम ३(एफ), ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी. क्लेम ९ मध्ये वापरायची पद्धत आहे, त्यावर कलम ३(आय).

वर्कशॉपचे मालक म्हणतात, सोडून द्या. डॉक्टर म्हणतात, लढा. तुम्ही काय कराल?

---

नुसतीवाचक

हाडांच्या धाग्यात डी३ वाचलं आणि मी व्हिटॅमिनच समजले! :) समजावून सांगितलंत ते फार आवडलं, चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं. वाचतेय.

---

जिगकाका

मितीकार, काम छान आहे हे आधीच सांगतो. पण मी परीक्षकाच्या बाजूने बोलणार आहे.

माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. दोन बॅरलचं गाईड म्हणजे ड्रिल जिग. कडक केलेले बुश, ठरलेलं सेंटर अंतर, पहिलं भोक पाडलं की त्यात लोकेटिंग पिन, मग दुसरं. आमच्याकडे शिकाऊ पोरगा पहिल्या वर्षी हे करायचा. जागा बदलली, लोखंडाऐवजी हाड आलं, एवढ्याने ते नवं कसं?

पायरीच्या पिनेबद्दल मात्र विचार करतोय. एक प्रश्न: बुशला चीर दिलीत तर ड्रिल धरतंय कोण? चिरेच्या बाजूला दाब आला की ड्रिल तिकडे पळणार. किती अंश धरलेलं आहे ते मोजलंय का?

---

कलमदान

पेटंट एजंट म्हणून काम करते, म्हणून आधी घाईच्या गोष्टी.

एफईआरच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे. फॉर्म ४ भरून मुदतवाढ मागता येते, पण काहीच केलं नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. मुदतीत दिलेल्या उत्तराला सरकारी फी नाही. लहान उद्योगाला अर्जाचे ऑनलाइन १६०० आणि परीक्षणाचे ४००० रुपये तुम्ही आधीच भरलेत. म्हणजे "सोडून द्या" म्हणण्यात फारशी बचत नाही, एजंटचं मानधन तेवढं वाचेल.

क्लेम ९ काढून टाका, त्यावर शाई खर्च करू नका. कलम ३(आय) माणसावरच्या शस्त्रक्रियेच्या कुठल्याही पद्धतीला पेटंट देत नाही. हत्याराला मात्र त्याची आडकाठी नाही, त्यामुळे गाईड आणि पिन सुरक्षित आहेत.

३(एफ) ला उत्तर सोपं आहे. त्या कलमात शब्द आहेत की प्रत्येक उपकरण एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापल्या ज्ञात पद्धतीने काम करत असेल तर. तुमची चीर आणि पिनेची मान एकमेकांवाचून निरुपयोगी आहेत. जाड पिन असेल तर चीर कामाची नाही, चीर नसेल तर मान कामाची नाही. हे स्वतंत्र काम करणं नव्हे.

खरी लढाई २(१)(जेए) ची. त्यासाठी मला एकच सांगा: तुमच्या क्लेम १ मध्ये पिन आहे का?

---

मितीकार

काका, मोजलंय. ३.१ च्या बोअरला २.२ ची चीर दिली की साधारण ९० अंश उघडे राहतात, २७० अंश ड्रिलला धरतात. ड्रिल ३.० चं आहे, २.२ च्या चिरेतून ते बाहेर पडूच शकत नाही. बॅरल ३० मिमी लांब आणि ड्रिलला ०.१ ची ढील, म्हणजे कोनात फार तर ०.२ अंशाचा फरक पडतो. स्टेपलला तेवढं चालतं.

कलमदान ताई, क्लेम १ मध्ये पिन नाही. "दोन बॅरल, प्रत्येकाला लांबीभर चीर" एवढंच आहे. पायरीची पिन आकृती ४ मध्ये आहे आणि वर्णनात मान, पाय, कॉलर सगळं मापांसकट लिहिलंय.

---

कलमदान

वर्णनात आहे ना, मग काम होईल.

तुमचा आत्ताचा क्लेम १ वाचला तर परीक्षकाचं म्हणणं मला पटतं. दोन बॅरलचं गाईड डी१ मध्ये, चीर डी२ मध्ये. क्लेममध्ये जे लिहिलंय तेवढंच ते तपासणार. तुमच्या डोक्यातलं, डॉक्टरांच्या हातातलं हत्यार त्यांच्या टेबलावर नाही, कागदावरची वाक्यं आहेत. तुमच्या कामाचा जीव चीर आणि मान यांच्या मापांच्या नात्यात आहे, आणि नेमकं तेच क्लेममध्ये नाही.

कलम ५९ बघा. दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेलं काही घालता येत नाही आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या व्याप्तीच्या आतच बसला पाहिजे. तुम्ही पिन घालून क्लेम अरुंद करताय, तो आतच बसतो, आणि आकृती ४ चा आधार आहे.

---

अस्थिमित्र

मी धागाकर्त्यांचे डॉक्टर नाही, पण पायाच्या शस्त्रक्रिया करतो म्हणून लिहितो. अंगठ्याच्या मुळाशी, पहिल्या मेटाटार्सलवर स्टेपल लावताना अडचण येते ती अशी: हाड गोल आहे. गाईडचं एक टोक टेकलं की दुसरं दीड-दोन मिलिमीटर उचललेलं राहतं. दाते असले तरी. मग ड्रिल सुरू केलं की ते उतारावर घसरतं आणि भोक आपण धरलेल्या जागेपेक्षा बाजूला पडतं. समांतरपणा गेला की स्टेपलचे पाय भोकात अडकतात. टँपने ठोकून बसवावं लागलं तर काम नीट झालं नाही हे हातालाच कळतं.

भोक हरवण्याचं जे लिहिलंय ते अगदी खरं आहे. सी-आर्मखाली, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे यंत्राखाली, परत बघा, पिनेने चाचपडा, तोवर इन्सर्टरमध्ये स्टेपल ताणलेला घेऊन सहकारी उभा. पिना उभ्या राहिल्या तर एक पिन काढली, स्टेपलचा पाय टेकवला, दुसरी काढली, असं डोळ्यांदेखत करता येईल.

एक शंका. टोक हाडापासून उचललेलं असेल तर पिनेचा जाड पाय बॅरलच्या पूर्ण बाहेर आलेला असेल का? अर्धा मिलिमीटर जरी आत राहिला तर गाईड आडवं सरकणार नाही.

---

मितीकार

डॉक्टर, म्हणूनच कॉलर आहे. मानेची लांबी बॅरलच्या लांबीइतकी किंवा किंचित जास्त ठेवलीय. कॉलर तोंडावर टेकली की जाड पाय बॅरलच्या टोकाच्या खालीच असतो, टोक हाडाला टेकलेलं असो वा उचललेलं. आणि पाय भोकापेक्षा आखूड आहे, त्यामुळे तळाला टेकून कॉलर वर राहण्याचा प्रश्न नाही.

---

ओटीवाली

दादा, कुणी विचारलं नाही तरी सांगते. मी ओटीत सिस्टर आहे, हत्यारं सीएसएसडीला, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाला, पाठवण्याआधी बघणं माझं काम. अरुंद बोअरची हत्यारं आम्हाला नकोशी होतात. आत रक्त आणि हाडाचा भुगा वाळला की ब्रश घातला तरी आतला भाग दिसत नाही. प्रकाशाकडे धरून बघायचं, पाण्याची पिचकारी मारायची, परत ब्रश. तुमच्या बॅरलला लांबीभर चीर आहे म्हणजे आतून स्वच्छ झालं की नाही ते डोळ्यांनी दिसेल. ऑटोक्लेव्हमध्ये वाफही नीट फिरेल. हा फायदा कुठे लिहिलाय का?

---

जिगकाका

सिस्टर, जे बोललात ते लाखमोलाचं.

मितीकार, २७० अंशांचं उत्तर पटलं. आता माझा खरा आक्षेप ऐका. सी-वॉशर माहीत आहे ना? जिगमध्ये जॉब बसवला, वर सी-वॉशर, वर नट. नट किंचित सैल केला की सी-वॉशर बाजूने ओढून काढायचा, नट पूर्ण काढायची गरज नाही, कारण नटचं बाहेरचं माप जॉबच्या भोकापेक्षा लहान असतं आणि वॉशरची चीर स्टडपेक्षा रुंद. बारीक भाग चिरेतून जातो, जाड भाग भोकातून जातो. तुमची मान आणि पाय हेच करतायत. परीक्षकाने उद्या सी-वॉशर पुढे केला तर?

---

कलमदान

काका, हा प्रश्न एखाद्या हुशार परीक्षकाने विचारावा असा आहे.

आपल्याकडे या बाबतीत सगळे ज्याचा दाखला देतात तो १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. तोही टूलरूमचाच विषय होता. मिर्झापूरची भांडी, ती लेथवर फिरवताना धरून ठेवण्याचं साधन, १९५१ चं पेटंट. कोर्ट म्हणालं की आधीच माहीत असलेल्या यंत्रात नुसती कारागिरीतली सुधारणा केली तर पेटंट नाही, त्याहून काही जास्त हवं. पेटंट गेलं.

म्हणून काकांचा प्रश्न टाळून चालणार नाही. पण उत्तर आहे. सी-वॉशरच्या चिरेला एकच काम: स्टडवरून निघणं. तिथे वॉशरच्या आत काही फिरत नाही, कशाला दिशा द्यायची नाही. इथे त्याच बोअरला आधी फिरतं ड्रिल धरून समांतर ठेवायचंय आणि नंतर पिनेला बाजूने सोडायचंय. दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. चीर रुंद केली तर ड्रिल सुटतं, अरुंद केली तर पिन अडकते. पिनेला मान देऊन हा विरोध सोडवला आहे. डी१, डी२ किंवा सी-वॉशर, कुठेही हा विरोध नाहीच, मग तो सोडवायचा इशारा तरी कुठून मिळणार?

आणि परीक्षकाने डी१-डी२ जोडले म्हणून उत्तरात सी-वॉशर आपण होऊन आणायची गरज नाही. विचारलं तर उत्तर तयार हवं, एवढंच.

---

वॉर्सॉकर

मी इंडियानातल्या वॉर्सॉला राहतो. गाव छोटं, पण १८९५ मध्ये डीपुय ही ऑर्थोपेडिक कंपनी इथे सुरू झाली तेव्हापासून ऑर्थोपेडिक्स हाच इथला धंदा. त्यामुळे अशा गाईडचे अर्ज रोज बघण्यात येतात.

अमेरिकेत डी१ अधिक डी२ अशा जोडणीवर कलम १०३ लावतात आणि २००७ च्या केएसआर निकालानंतर ते लावणं परीक्षकाला सोपं झालं. तो निकाल मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलबद्दल होता. माहीत असलेले भाग माहीत असलेल्या पद्धतीने जोडले आणि अपेक्षित तेच मिळालं, तर ते सहज सुचण्यासारखं धरलं जाण्याची शक्यता मोठी, असं त्याचं सार. मी पाहिलेले बरेच अर्ज तिथेच अडकतात. जे सुटतात त्यात बहुतेक वेळा "दोन जोडले तर चालतच नाही" हे दाखवलेलं असतं. तुमच्याकडे नेमकं तेच आहे असं दिसतंय: डी२ ची चीर डी१ ला दिली तर काय होतं ते लिहा.

शोध घेताना वर्गीकरणाचा आधार घ्या. ए६१बी १७/१७ मध्ये ड्रिल आणि पिनांची गाईड, १७/०६४ मध्ये स्टेपल. दोन्ही गट चाळा, परीक्षकाच्या आधी.

---

डॅन्यूबकाठ

टुटलिंगेनहून नमस्कार, इथेही शस्त्रक्रियेच्या हत्यारांचाच व्यवसाय. युरोपातही पेटंट कराराच्या ५३(सी) प्रमाणे शस्त्रक्रियेची पद्धत वगळलेली, हत्यार चालतं. जर्मनीत गेब्राउख्समुस्टर मिळतं, परीक्षणाशिवाय नोंद, जास्तीत जास्त दहा वर्षं. भारतात तशी सोय नाही, त्यामुळे तुम्हाला पेटंटचाच रस्ता.

---

चहाबाज

मला एक भीती वाटतेय. इथे मापं, रचना सगळं उघड लिहिलंय. कुणी उचललं तर?

---

कलमदान

चहाबाज, चांगलं विचारलंत. अर्ज भरून अठरा महिने झाले की तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्यानंतर तो कुणालाही वाचता येतो. मितीकारांनी लिहिलेलं सगळं अर्जात आहे असं धरते. पण मितीकार, अर्जात नसलेली नवी सुधारणा सुचली तर ती इथे लिहू नका. आधी अर्ज, मग धागा. डॉक्टरांनाही सांगा. परिषदेत वाचलेल्या निबंधाला कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सूट आहे, पण ती विद्वत्सभेपुरती, आणि युरोपात तीही नाही.

---

साधाप्रश्न

मला हे सगळं वाचून वेगळंच वाटतंय. आईच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा इम्प्लांटचं बिल बघून आम्ही हबकलो होतो. पिनेच्या मानेवरही वीस वर्षांची मक्तेदारी दिली तर ऑपरेशन अजून महाग होणार नाही का? डॉक्टरांचं कसब सगळ्यांना मोकळं असायला हवं.

---

अस्थिमित्र

साधाप्रश्न, तुमची तळमळ समजते. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली ती अशाच अनुभवांमुळे.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. डॉक्टरांचं कसब कायद्याने मोकळंच आहे, वर ३(आय) आलं ते त्यासाठीच. मी पिन कशी टाकतो, कुठल्या क्रमाने काढतो, यावर कुणीही हक्क सांगू शकत नाही आणि सांगू नये. गाईड हे परत परत वापरायचं हत्यार आहे, ते रुग्णाच्या अंगात राहत नाही. भोसरीत बनलेलं चांगलं गाईड मिळालं तर परदेशी सेटवाचून आमचं अडणार नाही. लहान वर्कशॉपला हक्क मिळाला नाही तर मोठा कुणीतरी तेच बनवेल, आणि पुढचं हत्यार बनवायला ही माणसं उरणार नाहीत. मला त्यांची गरज आहे.

---

वॉर्सॉकर

याच मुद्द्यावर इथे मोठं रण माजलं होतं. मोतीबिंदूच्या एका छेदाच्या पद्धतीचं पेटंट घेऊन डॉ. पॅलिन यांनी दुसऱ्या डॉक्टरवर, डॉ. सिंगर यांच्यावर दावा लावला. डॉक्टरांच्या संघटना पेटून उठल्या. १९९६ मध्ये कायद्यात २८७(सी) आलं: पद्धतीचं पेटंट मिळू शकतं, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर त्याची वसुली करता येत नाही. हत्याराच्या पेटंटला ती सूट नाही. म्हणजे वाट वेगळी, पण मुक्काम भारतासारखाच.

---

साधाप्रश्न

हे माहीत नव्हतं. डॉक्टर, धन्यवाद. हत्यार इथेच बनलं तर मला आनंदच आहे.

---

जिगकाका

मूळ प्रश्नावर येतो. मितीकार, वाद घालण्यापेक्षा करून दाखवा.

एक गाईड असं बनवा ज्यात डी१ आणि डी२ जसेच्या तसे जोडलेत. पिन सरळ २.९ ची, मान नाही. ती बाजूने निघायला चीर ३.० हवी. आता त्यात ३.० चं ड्रिल घाला आणि उतरत्या पृष्ठभागावर भोक पाडा. ड्रिलला धरणारं काही उरलेलंच नाही, ते चिरेतून बाहेर येईल. कृत्रिम हाडाचे ठोकळे मिळतात, त्यावर पाडा. मग तुमच्या गाईडने त्याच उतारावर पाडा. दोन्ही भोकांत गेज पिना उभ्या करून हाइट गेजखाली समांतरपणा मोजा. आकडे समोर ठेवा. मी टूलरूमवाला आहे, मला शब्दांपेक्षा गेज पटतो. परीक्षकही माणूसच आहे, बहुतेक इंजिनिअरच असणार.

बॅरलच्या आतल्या कडा नीट मोडा. चीर दिल्यावर तिथे बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते, ती ड्रिलच्या धारेला खाते आणि धातूचा कण जखमेत जाण्याची भीती. १७-४ पीएच स्टील वापरत असाल तर कडक केल्यानंतर परत एकदा बघा.

---

कलमदान

काकांची सूचना सोन्यासारखी. कलम ७९ प्रमाणे पुरावा प्रतिज्ञापत्रावर देता येतो. कुणी, कशावर, कुठल्या मापाने मोजलं ते नीट लिहून जोडा. सिस्टरांनी सांगितलेला स्वच्छतेचा फायदाही उत्तरात आणा. तो वर्णनात शब्दशः नसेल तर क्लेममध्ये घालता येणार नाही, पण लांबीभर चीर वर्णनात आहे आणि फायदा त्या रचनेतूनच येतो, म्हणून युक्तिवादात मांडायला हरकत नाही.

आणि उत्तरातच सुनावणी मागून ठेवा. आक्षेप उरले तर कलम १४ खाली बोलावतात, व्हिडिओवर होते. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. गाईड आणि पिन हातात घेऊन बसा. कॅमेऱ्यासमोर गाईड आडवं सरकवून दाखवलंत तर दहा पानांचं काम होईल.

---

मितीकार

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना धागा वाचून दाखवला. काकांचा ठोकळ्यांचा प्रयोग म्हणाले, लगेच लावा. तेव्हा उत्तर देतोय.

क्लेम ९ काढला. क्लेम १ चा आशय इथे मांडतो, खोट काढा:

"हाडाच्या स्टेपलसाठी भोकं पाडण्याचा संच: एक गाईड, ज्यात दांडा आणि त्याला जोडलेले दोन समांतर बॅरल आहेत, प्रत्येक बॅरलला पूर्ण लांबीभर चीर आहे, आणि किमान एक पिन, जिला पाय, पायापेक्षा बारीक मान आणि बोअरपेक्षा मोठी कॉलर आहे, चिरेची रुंदी मानेपेक्षा जास्त पण पायाच्या आणि ड्रिलच्या व्यासापेक्षा कमी आहे, आणि मानेची लांबी बॅरलच्या लांबीइतकी किंवा जास्त आहे, ज्यायोगे कॉलर बॅरलवर टेकल्यावर गाईड पिनेवरून आडवं काढता येतं."

---

ओटीवाली

दादा, दोन्ही चिरा एकाच बाजूला उघडतात ना? तुमच्या मजकुरात ते दिसलं नाही. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल तर दोन पिना उभ्या असताना गाईड निघणारच नाही.

---

जिगकाका

सिस्टर, तुम्ही टूलरूममध्ये हव्या होतात.

---

कलमदान

अगदी बरोबर, ते घातलंच पाहिजे. "दोन्ही चिरा एकाच दिशेला उघडणाऱ्या" आणि "किमान एक पिन" ऐवजी "प्रत्येक बॅरलसाठी एक पिन". आकृती ४ मध्ये दोन्ही चिरा एकाच बाजूला दाखवल्यात का ते बघा. आकृत्यांमधल्या भागांना दिलेले क्रमांक क्लेममध्ये कंसात द्या, ते नसले तर त्यावर वेगळा आक्षेप येतो.

एका गोष्टीवर मालकांशी बोला. क्लेममध्ये पिन आली म्हणजे हक्क गाईड आणि पिन या जोडीवर. कुणी फक्त चिरेचं गाईड विकलं आणि पिन वेगळीकडून घ्या म्हणालं, तर त्याला धरणं अवघड जाईल, आपल्या कायद्यात त्यासाठी स्पष्ट कलम नाही. तरीही मी हाच क्लेम घेईन. नुसत्या चिरेच्या गाईडला मान नसलेली पिन चालत नाही, म्हणजे विकणाऱ्याला तुमच्या जोडीकडे यावंच लागतं.

---

मितीकार

आकृती ४ मध्ये दोन्ही चिरा एकाच बाजूला आहेत आणि वर्णनातही "एकाच दिशेला" असे शब्द आहेत. दोन्ही बदल घातले. मालकांना जोडीचा मुद्दा सांगितला, त्यांना मान्य आहे. आपण तसेही संचच विकतो, म्हणाले.

सिस्टर, गाईड पायाच्या बाहेरच्या बाजूला निघेल असं ठेवू की आतल्या? आमचे डॉक्टर म्हणतात आतल्या, पण हत्यार हातात देणाऱ्याला कुठलं सोयीचं ते तुमच्याकडून ऐकायचंय.

---

ओटीवाली

डॉक्टर म्हणतात तीच ठेवा. बाहेरच्या बाजूला आमचा रिट्रॅक्टर (मऊ भाग बाजूला धरणारं हत्यार) असतो, गाईड तिकडे सरकवलं तर त्यावर आपटेल. आणि दांड्यावर कुठल्या बाजूने निघतं त्याचा बाण कोरा, खोल. लेझरने केलेली खूण ऑटोक्लेव्हमध्ये पुसट होत जाते.